दागिना कोणी घालायचा, कोणी उतरवायचा

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रदर्शनाचा आराखडा आणि दागिन्यांखाली लावायच्या ओळींचा मसुदा, दोन्ही मिळाले. मांडणी नेटकी आहे आणि छायाचित्रे उत्तम आहेत. ओळी मात्र खटकल्या. नथ सौभाग्याची, मण्यांची माळ जमातीच्या अस्मितेची, लोखंडी अंगठी देशप्रेमाची, असा एकेक अर्थ तू प्रत्येक दागिन्याला वाटून दिला आहेस, जणू सोनाराने तो घडणावळीतच धरला होता. माझा अनुभव निराळा आहे. एखादा दागिना घालण्याची मुभा कोणाला होती, सक्ती कोणावर होती आणि तो अंगावरून केव्हा व कोणाच्या सांगण्यावरून उतरला, हे विचारल्याशिवाय त्याचा अर्थ हाती लागत नाही. म्हणून प्रत्येक ओळ लिहिण्यापूर्वी हे प्रश्न विचारण्याची सवय लावून घे.

मुभेचे जुने उदाहरण रोमचे आहे. कार्थेजचा सेनापती हॅनिबल याच्याशी युद्ध चालू असताना, इ.स.पू. २१५ मध्ये, कोणत्याही स्त्रीने अर्ध्या औंसाहून अधिक सोने बाळगू नये असा ओप्पियन कायदा तेथे झाला. युद्ध संपले तरी कायदा उठेना, तेव्हा इ.स.पू. १९५ मध्ये स्त्रिया रस्त्यावर उतरल्या आणि कॉन्सलपदी असलेल्या थोरल्या केटोचा कडवा विरोध असतानाही तो रद्द झाला. नटण्याची हौस म्हणून या प्रसंगाची बोळवण करणारे लेखक भेटतील. त्यांच्या नादी लागू नकोस.

सक्तीचा इतिहास अधिक बोचरा आहे आणि तुझ्या आराखड्यात तो मुळीच नाही. आजच्या केरळातील त्रावणकोर संस्थानात पुलय या अस्पृश्य मानलेल्या जातीच्या स्त्रियांना सोन्याचांदीची बंदी होती आणि दगडी मण्यांच्या माळा, म्हणजे कल्लुमाला, गळ्यात वागवणे त्यांना भाग होते. पाहणाऱ्याला जात दुरूनच कळावी, हाच त्या माळांचा उपयोग होता. १९१५ साली त्याच जातीतले सुधारक अय्यनकाळी यांच्या नेतृत्वाखाली कोल्लमच्या सभेत या स्त्रियांनी त्या माळा तोडून टाकल्या. बारा वर्षांनी, डिसेंबर १९२७ मध्ये, महाड येथे स्त्रियांपुढे बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हेच सूत्र हाती घेतले. गळाभर गळसऱ्या आणि कोपरापर्यंत चढवलेल्या कथलाच्या किंवा चांदीच्या गोठ-पाटल्या ही तुम्हाला अस्पृश्य म्हणून ओळखण्याची खूण झाली आहे, ती टाकून द्या, असे त्यांनी सांगितले. आता विचार कर: अशीच एखादी कथलाची पाटली तुझ्या काचेच्या पेटीत 'ग्रामीण स्त्रीचा पारंपरिक अलंकार' या ओळीखाली ठेवली, तर ती ओळ खोटी म्हणता येणार नाही, पण जे सांगायला हवे होते त्यातले काहीच ती सांगणार नाही.

प्रशिया या जुन्या जर्मन राज्यातल्या लोखंडी अंगठीबद्दल फार लिहीत नाही. नेपोलियनविरुद्धच्या १८१३ च्या युद्धासाठी लोकांनी सोने दिले आणि त्याबदल्यात लोखंडाचे दागिने मिरवले, ही हकिगत तू बरोबर दिली आहेस. एवढेच जोड की त्या दिवसांत अंगावर सोने दिसणे हीच लाजेची गोष्ट झाली असणार. धातूची किंमत आणि दागिन्याचा मान वेगळे पडतात ते असे.

अल्जीरियातील कबाइल लोकांच्या चांदीच्या पदकाला तू अधिक जागा द्यावीस असे वाटते. तेथील बेनी येन्नी भागातल्या कारागिरांचे हे गोल पदक निळ्या, हिरव्या, पिवळ्या मिन्याने आणि पोवळ्याच्या खड्यांनी भरलेले असते. तू छायाचित्र समोरून घेतले आहेस. ते मागून घ्यायला हवे होते, कारण त्याची टाचणी पाहिल्यावरच हे मुळात न शिवलेले वस्त्र अडकवण्याचे साधन आहे हे ध्यानात येते. मुलगा झाल्यावर स्त्री ते कपाळावर मिरवी. म्हणजे वस्तू तीच, पण छातीवर असताना ती कापड सांभाळते आणि कपाळावर गेली की घरातील बातमी सांगते. मुलगी झालेल्या बाईच्या कपाळावर काय असे, हा प्रश्न पाहणाऱ्याच्या मनात आपोआप उठेल अशी ओळ लिही. उत्तर तू देण्याची गरज नाही.

आपल्याकडच्या पुतळी माळेबाबत तू 'अस्सल मराठमोळी' असे लिहिले आहेस, ते काढून टाक. व्हेनिसचे सोन्याचे डुकाट हे नाणे १२८४ पासून पाडले जाई आणि व्यापारातून ते आपल्या पश्चिम किनाऱ्यावर येई. त्याच्या एका बाजूला संत मार्कपुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा प्रमुख आणि दुसऱ्या बाजूला येशू. सोने चोख, म्हणून नाण्याला मान मिळाला आणि त्यावरील आकृत्यांमुळे पुतळी हे नावही. पुढे आपल्या सोनारांनी तशाच चकत्या पाडल्या, त्यांवर लक्ष्मी उमटवली, आणि पटवेकऱ्याने रेशमी दोऱ्यात गाठवलेली ही माळ लेकीसुनांच्या गळ्यात गेली. परक्यांचे नाणे, आपली देवी आणि अडीअडचणीला मोड करता येईल असे बाईच्या हक्काचे चोख सोने, हे सारे एका चकतीत मावते. अस्सलपणाचा दाखला तिला कशाला हवा?

कयान जमातीच्या स्त्रियांच्या गळ्यातील पितळी वेटोळ्यांविषयी एक दुरुस्ती आहे. त्यांनी मान लांबत नाही. वजनाने गळपट्टीची हाडे आणि फासळ्या खाली दाबल्या जातात, त्यामुळे मान लांब भासते. ब्रह्मदेशातून थायलंडमध्ये आश्रयाला आलेल्या या स्त्रियांना पाहण्यासाठी पर्यटक पैसे मोजतात, हेही लिही, कारण घरचा दागिना तेथे उपजीविकेचे साधन झाला आहे आणि तो उतरवण्याचा निर्णय घेणाऱ्या तरुणीला त्याचाही हिशेब करावा लागतो.

राहिले मंगळसूत्र. दोन वाट्या, काळे मणी, माहेर आणि सासर, हे सगळे तू लिहिले आहेस आणि ते प्रत्येकाला पाठ आहे. तेथे हेरवाडची हकिगत दे. शिरोळ तालुक्यातील या गावाने मे २०२२ मध्ये ठराव केला की पतीच्या निधनानंतर स्त्रीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे आणि जोडवी काढणे बंद करावे. त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. ज्या दिवशी ते बळजबरीने काढले जात नाही, त्या दिवसापासून गळ्यातले मंगळसूत्र नवऱ्याच्या आयुष्याची ग्वाही देत नाही. ते त्या बाईचे स्वतःचे होऊन जाते. काहींना हे पटणार नाही, प्रदर्शनात वादही होईल. होऊ दे.

ज्या बायकांनी तुला आपले दागिने वापरायला दिले आहेत, त्यांना मसुदा छापण्यापूर्वी वाचून दाखव आणि त्या जे खोडतील ते खोड. सुधारलेला मसुदा पाठव. या वेळी प्रत्येक दागिन्याचे मागच्या बाजूचे छायाचित्रही हवे, फासा आणि फिरकी स्पष्ट दिसेल असे.

कळावे, लोभ असावा.