दोन नोकऱ्यांच्या मध्ये दिवस राहिले तर?

प्रश्न : ताई, आम्ही अमेरिकेत राहतो. मी ३१ ऑगस्टला नोकरी सोडतेय आणि त्याच दिवशी विमा संपतोय. नवी नोकरी १ नोव्हेंबरपासून, पण तिथला विमा १ डिसेंबरला सुरू होणार. नवऱ्याचा स्वतःचा व्यवसाय, म्हणून दोघांचाही विमा माझ्याच नोकरीवर. बाळाचा विचार आता पुढे ढकलायचा नाही. कोब्राचा, म्हणजे नोकरी सुटल्यावर तोच विमा स्वतःच्या पैशाने चालू ठेवायच्या कायदेशीर सोयीचा, हप्ता ऐकून धस्स झालं. तीन महिन्यांची एक स्वस्त पॉलिसी दिसतेय, ती घ्यावी का? मध्येच दिवस राहिले, तर नवा विमा ‘हे आधीचं दुखणं’ म्हणून हात वर करेल का?

उत्तर : शेवटची भीती आधी मनातून काढून टाक. नोकरीतून मिळणाऱ्या विम्यात गरोदरपण हा आधीचा आजार धरता येत नाही, हे १९९६ च्या कायद्यापासून ठरलेलं आहे. २०१४ पासून मार्केटप्लेसवरच्या, म्हणजे स्वतः विमा विकत घ्यायच्या सरकारी बाजारातल्या, पॉलिसींतही बाळंतपण असावंच लागतं. तुझी ती स्वस्त पॉलिसी मात्र या नियमांच्या बाहेरची. अशा अल्पमुदतीच्या पॉलिसींत बाळंतपण बहुधा वगळलेलंच असतं. घेऊ नकोस.

कोब्राचं जरा सविस्तर सांगते. प्रसूतितज्ज्ञांच्या क्लिनिकमध्ये विम्याची बिलं बघण्याचं काम मी बरीच वर्षं केलं, आणि यातली खरी सोय तिथे येणाऱ्या बहुतेक मुलींना ठाऊकच नसायची. हप्ता एवढा मोठा दिसतो, कारण कंपनी भरत होती तो वाटाही आता तुझ्यावर येतो, वर २ टक्के. पण होकार द्यायला निदान ६० दिवस मिळतात, आणि त्या मुदतीत कधीही दिलास तरी विमा मागे जाऊन १ सप्टेंबरपासून लागू होतो. होकारानंतर पहिला हप्ता भरायला आणखी ४५ दिवस. म्हणजे दोन महिने सुरळीत गेले तर काहीच भरायला नको. नळीत गर्भ राहिला, रक्तस्राव झाला, तर फॉर्म भरायचा आणि मागचे हप्ते चुकते करायचे. तेवढी रक्कम बाजूला काढून ठेव. तोवर दवाखान्याच्या लेखी तुला विमा नाही, त्यामुळे पैसे आधी मागतील. प्रत्येक पावती जपून ठेव. जुन्या कंपनीत २० पेक्षा कमी माणसं असतील तर हा कायदा लागू होत नाही, तेवढं आजच विचारून घे.

मार्केटप्लेसला मागे जाण्याची सोय नाही. पॉलिसी निवडली की ती पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून. त्यासाठीही विमा संपल्यापासून ६० दिवसच असतात, म्हणजे तुझ्यासाठी ३० ऑक्टोबर. त्यानंतर नुसते दिवस राहिले म्हणून बहुतेक राज्यांत मध्येच विमा घेता येत नाही. म्हणून ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात घरी टेस्ट कर आणि मग ठरव. दोन महिन्यांत मोठा खर्च झाला नसेल, तर नोव्हेंबरपुरती मार्केटप्लेसची पॉलिसी घे. मागचे हप्ते वाचतात. खर्च झाला असेल किंवा जुन्या विम्याचं यंदाचं डिडक्टिबल (विमा पैसे देऊ लागण्याआधी वर्षात आपण भरायची रक्कम) भरून झालं असेल, तर कोब्राच. टेस्ट काहीही सांगो, नोव्हेंबर विम्याशिवाय काढायचा नाही, असं माझं ठाम मत आहे.

डॉक्टर निवडताना डिसेंबरपासूनच्या विम्याचं नेटवर्क, म्हणजे त्या विम्याच्या यादीतले डॉक्टर, बघ. तपासण्या, प्रसूती आणि नंतरची भेट यांचं डॉक्टर सहसा एकच बिल लावतात. मध्येच विमा बदलला की त्याचे तुकडे होतात, आणि दोन कार्डं हातात घेऊन बिलाच्या खिडकीशी उभ्या राहिलेल्या मुली मी खूप पाहिल्यात. सातव्या-आठव्या महिन्यात तो ताप कुणालाच नको.

जुना विमा आहे तोवर रुबेलाची रक्ततपासणी उरकून घे. लस लागली, तर त्यानंतर चार आठवडे दिवस राहू द्यायचे नसतात. फॉलिक अॅसिड आजच सुरू कर.

तू विचारलं नाहीस, पण मला विम्यापेक्षा काळजी रजेची वाटते. सप्टेंबरमध्ये दिवस राहिले तर बाळ जूनच्या सुमारास येईल. नोकरी शाबूत ठेवणारी १२ आठवड्यांची केंद्रीय रजा मिळायला त्याच कंपनीत १२ महिने आणि १,२५० तास भरावे लागतात, कंपनीही ५० माणसांची लागते. जूनमध्ये तुझे आठच महिने झालेले असतील. राज्याची वेगळी सोय आहे का ते बघ, आणि ऑफर लेटरवर सही करण्याआधी एचआरकडून कंपनीचं बाळंतपणाच्या रजेचं धोरण लेखी मागून घे. ते सगळ्याच नव्या कर्मचाऱ्यांसाठी असतं, मागायला संकोच नको.