एम.ए. इंग्लिश करतोय, पण इंग्लिश बोलायला तोंड उघडत नाही

"मॅडम, लिहायला येतं, वाचलेलं कळतं, फक्त बोलता येत नाही." मी समुपदेशक आहे, आणि हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की समोरच्याने "लिहायला" म्हटलं की पुढचं मला कळून जातं. इंजिनिअरिंगची, फार्मसीची, नर्सिंगची, सगळीकडची पोरं येतात, पण सगळ्यात जास्त अवघडून बसलेली असतात ती एम.ए. इंग्लिशची. बाकीच्यांना निदान म्हणता येतं की माझा विषय वेगळा आहे. यांना ती पण सोय नाही. घरचे गावभर सांगून बसलेले असतात की पोरगं इंग्लिशमधे एम.ए. करायलंय, बँकेचं पत्र आलं की यालाच बोलावतात, फवारणीच्या औषधाच्या डब्यावरचं वाचायलाही यालाच, आणि हा इकडे वर्गात हजेरीला "येस सर" म्हणून जो गप्प बसतो तो तास संपेपर्यंत. मागच्या महिन्याभरात याच कारणासाठी पुन्हा चार जण आले, म्हणून एकाची गोष्ट त्याच्या परवानगीने लिहितेय. नाव बदललंय.

दिगंबर बीड जिल्ह्यातला. घरी साडेतीन एकर, कोरडवाहू, कापूस आणि तूर. तालुक्याच्या कॉलेजातून बी.ए. फर्स्ट क्लास, मग एम.ए.साठी छत्रपती संभाजीनगर, तिघांत एक रूम, मेस. माझ्याकडे आला तेव्हा दुसरं वर्ष चालू होतं, सेमिनार दीड महिन्यावर होता आणि शिक्षण सोडून गावाकडं जावं का हे विचारायला तो आला होता. आधीच्या दोन्ही सेमिनारच्या दिवशी त्याला ताप आला होता. खरा ताप, थर्मामीटरवर दिसलेला. हे मुद्दाम सांगते, कारण घरच्यांना आणि सरांना ते नाटक वाटतं.

पहिल्या भेटीत तो बॅग मांडीवर घेऊन बसला, खाली ठेवलीच नाही. मी विचारलं, शेवटचं इंग्लिश कधी बोललास?

"चौदा महिने झाले मॅडम."

एवढं नेमकं कोणी सांगितलं की समजायचं, तिथे काहीतरी रुतलंय. एम.ए.चा पहिला दिवस होता. साठ-सत्तर पोरांसमोर एकेकाने उठून ओळख करून द्यायची होती. याच्या आधी चार-पाच जण शहरातले, इंग्लिश मीडियमचे, फाडफाड बोलून बसले. हा उठला, नाव सांगितलं आणि म्हणाला, "आय अ‍ॅम फ्रॉम व्हिलेज ओन्ली." मागच्या बाकावर कोणीतरी हसलं, मग वर्ग हसला, सर पण हसले आणि म्हणाले, "ओन्ली व्हिलेज? नथिंग एल्स?" सरांच्या मनात वाईट नसेलही. पण त्या रात्री दिगंबरने ग्रामरचं पुस्तक काढून "ओन्ली" कुठे वापरतात ते सगळं वाचलं, आणि त्यानंतर वर्गात तोंड उघडलं नाही.

मी म्हटलं, तेच वाक्य मराठीत सांग.

"मी खेड्यातलाच आहे."

"हा च कशाला रे? मी खेड्यातला आहे, एवढं पुरलं असतं की."

बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "आधीच सांगून टाकावं म्हटलं मॅडम. म्हणजे माझ्याकडून जास्त अपेक्षा ठेवणार नाहीत."

म्हणजे ती ग्रामरची चूक नव्हतीच. उभं राहिल्या राहिल्या त्याने माफी मागितली होती, आणि लोक त्या माफीलाच हसले. लागलं ते तिथे.

त्या दिवसापासून मी त्याचे च गोळा करायला लागले. तो बोलायचा आणि मी कागदावर फक्त च असलेली वाक्यं लिहायचे. चुकायलाच नाही पाहिजे. लोक हसणारच. एम.ए. इंग्लिशवाल्याला आलंच पाहिजे. माझं असंच राहणार. तिसऱ्या भेटीत कागद त्याच्या हातात दिला. मी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या विचाराने काम करणारी बाई आहे, आणि त्यांचं म्हणणं साध्या भाषेत सांगायचं तर घटनेपेक्षा जास्त छळतो तो आपण स्वतःशी धरलेला हट्ट, की हे असंच झालं पाहिजे. इंग्लिश बोलणाऱ्या माणसाचा हा हट्ट वाक्याच्या मधे "मस्ट" या एका छोट्या शब्दात असतो, आपल्याकडे तो शब्दाच्या शेपटीला लटकलेला असतो आणि कान दिला तर लगेच सापडतो. हे मला कोणी शिकवलेलं नाही, पोरांचं ऐकून ऐकून कान तयार झालाय.

दिगंबरला कागद पटला. पण पटून काही हललं नाही. "कळतं मॅडम, वळंना गेलंय."

मग पाचव्या भेटीला तो अर्धा तास उशिरा आला. हात ऑइलने काळे, नखांत काजळी, शर्टाच्या बाहीला डाग. गाडी बंद पडली होती, वडिलांची जुनी टू-व्हीलर. ढकलत एका गॅरेजवर नेली, तिथले चाचा नमाजाला गेलेले, ते आल्यावर काम झालं. मी त्याला पाणी दिलं, आणि असंच विचारलं, चाचांना काय सांगितलंस?

तो सहज म्हणाला, "म्हटलं चाचा, गाडी चालूच नहीं होता, किक मारके मारके मेरा पाय दुखने लगा."

मी पेन खाली ठेवलं. "परत म्हण."

त्याने परत म्हटलं, जरा गोंधळून.

"यात चुका किती आहेत?"

तो हसला. "भरपूर आहेत मॅडम. होता नाही, होती पाहिजे. पाय मराठीच आहे. आणि तो च..."

"मग चाचा हसले का?"

"नाही. त्यांनी प्लग काढला."

"आणि हसले असते तर?"

"हसू देत की मॅडम. गाडी दुरुस्त करून घ्यायची होती."

बोलून गेल्यावर त्याला स्वतःलाच ते ऐकू आलं. काळ्या हातांकडे बघत बसला. मी पण काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने गप्प बसायचं असतं, आणि मला ते शिकायला बरीच वर्षं लागली. दोन-तीन मिनिटांनी तो म्हणाला, "मॅडम, इंग्लिशमधे माझी कधी गाडीच बंद पडली नाही."

मला जे महिनाभर सांगायचं होतं ते त्याने एका वाक्यात सांगितलं. राज्यात पहिलीपासून इंग्लिश २००० साली सुरू झालं, म्हणजे दिगंबरच्या पिढीने एम.ए.पर्यंत १७ वर्षं इंग्लिश शिकलंय, पण त्या १७ वर्षांत इंग्लिशमधे कोणाकडे पाणी मागायची वेळ आलेली नाही. प्रत्येक वेळी इंग्लिश समोर आलं ते पेपर म्हणून. आणि पेपरात चूक म्हणजे मार्क कापले. हिंदी मात्र बाजारात, एसटीत, गॅरेजवर भेटली, तिथे चुकीचे मार्क कापायला कोणी बसलेलं नव्हतं, आणि म्हणून ती आली. आपल्या मराठवाड्याला तर हे नवीन पण नाही. निजामाच्या राज्यात शाळा-कचेऱ्यांचं काम उर्दूत चालायचं, मराठी घरातली माणसं उर्दू शिकली, दखनी म्हणजे इकडची बोली उर्दू बोलली, आणि नुसती बोलली नाहीत तर आपला च त्या दखनीत घालून आली. वोइच, ऐसाइच, अभीच. आज हैदराबादेतही लोक तसं बोलतात आणि अभ्यासक सांगतात की हा मराठीकडून गेलेला च आहे. मी हे दिगंबरला सांगितलं, आणि हे पण सांगितलं की वाक्याच्या शेवटी जोर द्यायला "ओन्ली" लावणं हे भारतीय इंग्लिशचं एक वैशिष्ट्य म्हणून भाषेच्या अभ्यासकांनी नोंदवलंय. परीक्षेत लिहू नये हे खरं. पण ज्या शब्दासाठी त्याने चौदा महिने तोंड शिवून घेतलं तो शब्द एकट्या त्याचा गुन्हा नव्हता.

पुढचं काम होतं गाडी शोधायचं. एलिस स्वतः १९ वर्षांचे असताना बायकांशी बोलायला फार लाजायचे, तेव्हा त्यांनी न्यूयॉर्कच्या एका बागेत बाकावर बसलेल्या १०० बायकांशी जाऊन बोलायचं ठरवलं आणि बोलले. भेटायला यायला एकच तयार झाली, ती पण आली नाही, पण त्यांची लाज गेली. ही गोष्ट मी दिगंबरला सांगितली आणि म्हटलं, आपल्याला बाग नको, आपल्याकडे वेरूळ आहे. शहरापासून तासाभरावर. रविवारी जा आणि पाच परदेशी माणसांशी बोल, काहीही.

पहिल्या रविवारी तो तिकीट खिडकीपाशी दोन तास बसून परत आला. एकाशीही बोलला नाही. मी म्हटलं, बसलास ना, पुढच्या वेळी उठशील.

दुसऱ्या रविवारी थायलंडहून आलेला एक ग्रुप भेटला. बौद्ध लेण्या बघून ते कैलास लेण्यापाशी आले होते, म्हणजे १६ नंबरला, आणि त्यातले एक वयस्कर गृहस्थ वर बघत हातानेच विचारत होते की हे बांधलं कसं. आजूबाजूला कोणी नव्हतं, दिगंबरच होता. म्हणाला, "नो बांधकाम... नो ब्रिक. वन स्टोन. फर्स्ट टॉप, देन बॉटम." ते म्हणाले, "अप टू डाउन?" हा म्हणाला, "येस येस, अप टू डाउन!" आणि हाताने छिन्नी चालवून दाखवली. त्यांनी आपल्या बायकोला बोलावलं आणि याला परत सांगायला लावलं. मला हे सांगताना तो खुर्चीच्या पुढच्या कडेला आला होता, बॅग केव्हाच खाली पडलेली. "मॅडम, त्यांचं इंग्लिश पण माझ्यासारखंच होतं, पण ते बिनधास्त बोलायले होते. आणि मला कळायलं होतं सगळं."

आता जे वाचतायत त्यांच्यासाठी थोडं, कारण प्रत्येकाला वेरूळ जवळ नाही. गाडी म्हणजे असं काहीतरी काम जे इंग्लिश बोलल्याशिवाय होणार नाही आणि ज्यात मार्क नाहीत. रूम पार्टनरसोबत रोज पंधरा मिनिटं आजचा दिवस सांगा, किंवा लहान भावाला त्याचा सायन्सचा धडा समजावून सांगा. रोज रात्री चुका मोजू नका, आज किती वेळा तोंड उघडलं ते मोजा. दुसरं, पूर्ण वाक्य मराठीत जुळवून मग त्याचं इंग्लिश करत बसू नका. मराठीत क्रियापद शेवटी येतं, इंग्लिशमधे कर्त्याच्या मागोमाग, त्यामुळे तुम्ही मनात अख्खं वाक्य उलटं करत बसता आणि तोवर वर्ग पुढच्या मुद्द्यावर गेलेला असतो. छोटी वाक्यं बोला, तुटकी चालतील. सेमिनार पाठ करू नका, पाठ केलेल्यातला एक शब्द निसटला की सगळी माळ ओघळते, त्यापेक्षा कार्डावर आठ-दहा शब्द लिहून न्या.

सर-मॅडमना माझी हात जोडून विनंती आहे. पहिल्याच दिवशी सत्तर जणांसमोर उभं करू नका, आधी शेजारच्याशी बोलू द्या. बोलत असताना मधे दुरुस्ती करू नका, नंतर करा, आणि शक्यतो नाव न घेता. प्रश्न विचारल्यावर जरा थांबा, गप्प बसलेला पोरगा ढ नसतो, तो वाक्य उलटं करत असतो. माणूस दुसरी भाषा कशी शिकतो याचे अभ्यासक स्टीफन क्रॅशन यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हेच मांडलं होतं, की मनात भीती असली की कानावर पडलेली भाषा आत मुरत नाही, मधे जाळी लागल्यासारखी अडकते. १९८६ साली परकी भाषा शिकणाऱ्यांच्या भीतीवर ३३ वाक्यांची एक प्रश्नावली अमेरिकेत तयार झाली, त्यातलं एक वाक्य साधारण असं आहे की मी बोललो तर वर्गातले हसतील याची मला भीती वाटते. तिकडच्या पोरांना पण हेच वाटतं, हे ऐकून माझ्याकडची पोरं दर वेळी चकित होतात.

घरच्यांनी पाहुण्यांसमोर "जरा इंग्लिश बोलून दाखव" म्हणू नये. आणि झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जीव नकोसा वाटत असेल तर गोष्ट इंग्लिशपुरती राहिलेली नाही, मानसोपचारतज्ज्ञांकडे जा किंवा सरकारच्या टेली-मानसच्या १४४१६ या नंबरवर फोन करा, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

दिगंबरने सरांना भेटून सेमिनारचा विषय बदलून घेतला, मातृभाषेचा इंग्लिशवर होणारा परिणाम. ते पहिलं वाक्य, वर्ग हसलेलं, तेच त्याने उदाहरण म्हणून घेतलं आणि तिथून दखनीवर गेला. ताप आला नाही. मधेच बोलण्याच्या भरात कुठेतरी खरंच "ओन्ली" निघून गेलं आणि दोघं-तिघं हसले. तो थांबला आणि म्हणाला, "येस. दॅट इज माय च." मग सगळे हसले, तो पण हसला आणि पुढे चालू लागला. दहा मिनिटांचा सेमिनार सतरा मिनिटं चालला, हे त्याने मला दोनदा सांगितलं.

मागच्या शनिवारी तो परत आला, सोबत रूम पार्टनर. "मॅडम, ह्याला पण तेच आहे." पार्टनर खाली बघत बसला होता, बॅग मांडीवर. मी त्याला विचारलं, "तू कशावर येतोस रे? गाडी आहे का तुझ्याकडे?"