मोबाइल गेममधले बदललेले भाव आणि न मिळालेली उत्तरे

प्रश्न : गेली काही वर्षे मी मोबाइलवर एक गेम नियमित खेळतो आणि त्याचा मासिक पासही विकत घेतो. मागच्या अपडेटनंतर रोज मिळणारी नाणी जवळपास निम्म्यावर आली. सूचनेत मात्र ‘बक्षिसांचा समतोल सुधारला आहे’ एवढेच वाक्य होते. ग्राहक सेवेला विचारले, तर ‘आपला अभिप्राय संबंधित विभागाकडे पाठवला आहे’ असे ठरावीक उत्तर आले. घरचे म्हणतात, गेमच तर आहे, एवढे मनाला काय लावून घ्यायचे? कंपन्या सरळ का सांगत नाहीत? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तुमचा राग रास्त आहे. ज्या गेममध्ये तुम्ही वेळ आणि पैसा दोन्ही घातले, त्यातील कमाई निम्मी करून त्याला ‘सुधारणा’ म्हणणे ही खेळाडूची दिशाभूल आहे.

कंपनीच्या बाजूने पाहिले, तर अशा गेममध्ये खेळाडूंच्या हाती नाणी किती येतात आणि ती खर्च होण्याच्या वाटा किती आहेत, यावर सतत लक्ष ठेवावे लागते. जुन्या खेळाडूंकडे साठा वाढला की नवी विक्री मंदावते आणि मग बक्षिसे कमी करणे किंवा किमती वाढवणे हे दोनच सोपे उपाय दिसतात. हा व्यापारी निर्णय आहे आणि तो घेण्याचा कंपनीला अधिकारही आहे. पण हा निर्णय एक विभाग घेतो आणि खेळाडूंना उत्तरे देण्याचे काम ज्यांच्यावर पडते, त्यांच्या हाती बहुधा मंजूर केलेल्या चार वाक्यांपलीकडे काही नसते. तुम्हाला मिळालेले उत्तर त्याच जातीचे आहे.

‘पोकेमॉन गो’ या प्रत्यक्ष रस्त्यांवर फिरत खेळायच्या मोबाइल गेमचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. तेव्हा तो गेम निआंटिक ही अमेरिकी कंपनी चालवत होती. करोनाकाळात खेळाडूंना फार फिरावे लागू नये म्हणून गेममधील ठिकाणे जितक्या दुरून वापरता येतात ते अंतर 40 मीटरवरून 80 मीटर करण्यात आले होते. ऑगस्ट 2021 मध्ये अमेरिका आणि न्यूझीलंडमध्ये ते पुन्हा 40 वर आणले गेले. वर्दळीचा रस्ता ओलांडावा न लागणे, चाकाच्या खुर्चीवरून खेळता येणे हे फायदे खेळाडू पोटतिडकीने मांडत होते, पण बराच काळ कंपनीकडून नेमके उत्तर येत नव्हते. ‘हिअर अस निआंटिक’, म्हणजे ‘आमचे ऐका’, ही हाक समाजमाध्यमांवर दुमदुमली, तेव्हा कुठे 80 मीटरचे अंतर कायम ठेवण्याचा निर्णय त्याच महिन्याच्या अखेरीस जाहीर झाला आणि दर दोन महिन्यांनी खेळाडूंना कामाची माहिती देण्याचे आश्वासनही मिळाले.

एवढे होऊनही एप्रिल 2023 मध्ये त्याच कंपनीने घरबसल्या मोठ्या लढाईत भाग घेण्याच्या ‘रिमोट रेड पास’ची किंमत 100 पोकेकॉइनवरून (म्हणजे त्या गेममधील नाण्यांवरून) 195 केली आणि दिवसाला पाचच लढायांची मर्यादा घातली. खिशातून पैसे न घालता खेळणाऱ्याला ‘जिम’ या गेममधील लढतींच्या ठिकाणांवरून दिवसाला जास्तीत जास्त 50 नाणी मिळत. म्हणजे जो पास दोन दिवसांच्या कमाईत येत होता, त्याला आता चार दिवस लागणार होते. या वेळी कंपनीने आठवडाभर आधी कल्पना दिली आणि कारणही सांगितले : या पासचे गेममधील वर्चस्व आम्हाला कधीच अभिप्रेत नव्हते. तरीही संताप उसळला, कारण निर्णय आधीच होऊन गेलेला होता आणि लहान गावात किंवा अंथरुणाला खिळून खेळणाऱ्यांनी काय करावे, याला त्या निवेदनात समाधानकारक उत्तर नव्हते. माझ्या मते कंपन्यांची खरी चूक इथे होते. कारण सांगणे आवश्यक आहेच, पण ज्याचे नुकसान होणार आहे त्याचे म्हणणे निर्णयाआधी ऐकून घेणे त्याहून आवश्यक आहे.

तुमच्या बाबतीत ग्राहक सेवेला पुन्हा लिहावे, मात्र नुसती नाराजी कळवू नये. आधी रोज किती नाणी मिळत होती, आता किती मिळतात, पास घेताना पडद्यावर कोणते आश्वासन होते, हे छायाचित्रांसह मांडावे. पास घेतल्यानंतर त्याच महिन्यात बक्षिसे कमी झाली असतील, तर तो मुद्दा सर्वांत आधी लिहावा. पैसे घेताना दाखवलेली गोष्ट नंतर बदलली, ही तक्रार ‘गेममध्ये मजा राहिली नाही’ या तक्रारीपेक्षा कितीतरी भक्कम असते.

प्रश्न : अशा वेळी गेममध्ये खऱ्या पैशांनी विकत घेतलेल्या रत्नांचे पैसे परत मिळतात का? — एक वाचक, पणजी

उत्तर : खरेदी गूगल प्लेवरून केली असेल, तर 48 तासांच्या आत तिथेच परताव्याची मागणी नोंदवावी. त्यानंतर सहसा गेमच्या कंपनीकडेच जावे लागते. रत्ने खर्च झालेली असल्यास परताव्याची शक्यता फार कमी होते, म्हणून बदल लक्षात येताच उरलेली रत्ने तशीच राहू द्यावीत. कंपनीने दाद दिली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार करता येते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2023 मध्ये ग्राहकाला ऑनलाइन चकवणाऱ्या फसव्या मांडणीच्या (‘डार्क पॅटर्न’) 13 प्रकारांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. एक दाखवून दुसरेच गळ्यात मारणे आणि खोटी घाई निर्माण करणे हे त्यांपैकी दोन प्रकार असून, तुमचा अनुभव त्यात बसत असेल तर तक्रारीत तसा स्पष्ट उल्लेख करावा.