पीडीझेड, एल२७ आणि ‘डोमेन’

पेशींच्या सांध्यांवरचा मजकूर मराठीत आणणाऱ्या एका वाचकाचे प्रश्न आहेत: प्रथिनांतल्या तुकड्यांच्या नावांपैकी ‘पीडीझेड डोमेन’ मधली अक्षरं कशाची, ‘एल२७ डोमेन’ मध्ये सत्तावीस काय आहेत, आणि डोमेनला ‘प्रांत’ म्हणावं का?

पीडीझेड हे तीन प्रथिनांच्या आद्याक्षरांचं कडबोळं आहे. पी म्हणजे पीएसडी-९५, चेतापेशींच्या जोडणीपाशी सापडणारं. डी म्हणजे फळमाशीतलं डिस्क्स लार्ज. त्याचं जनुक बिघडलं की अळीतल्या, पुढे पंख-पाय होणाऱ्या चकत्या बेसुमार वाढतात, म्हणून हे नाव. झेड म्हणजे झेडओ-१. हे १९८६ साली घट्ट सांध्यांत सापडलं. सांध्याचं लॅटिन नाव झोन्युला ऑक्लुडेन्स, बंद करणारा छोटा पट्टा, त्याची ही अक्षरं. साधारण ९० अमिनो आम्लांच्या साखळीची एकाच ठरावीक आकाराची घडी तिघांत पुन्हा पुन्हा दिसली आणि तिघांचं नाव तिला चिकटलं. त्यामुळे या अक्षरांचं भाषांतर करू नये. तिन्ही प्रथिनं पेशी-पेशी भिडतात तिथे, पेशीपटलाच्या आतल्या अंगाला काम करतात, हे मात्र लक्षात ठेवण्याजोगं.

एल२७ मध्ये सत्तावीस काहीच नाही! लिन-२ आणि लिन-७ या सूत्रकृमीतल्या दोन प्रथिनांचे ते आकडे. त्यामुळे मराठीत ‘एल सत्तावीस’ न वाचता ‘एल दोन-सात’ वाचलेलं मला बरं वाटतं.

आता ‘प्रांत’. गणितात फलाचा प्रांत असतो आणि तिथे तो शोभतो. प्रथिनाच्या बाबतीत तो शब्द फसवतो, कारण वाचकाला पेशीतली जागा वाटते. इथे डोमेन म्हणजे साखळीचा असा तुकडा, जो उरलेल्या साखळीच्या आधाराशिवाय आपली घडी घालतो. म्हणून सरळ ‘डोमेन’ लिहावं, नपुंसकलिंगी: ते डोमेन, ती डोमेनं.

अर्थात ही व्याख्या एल२७ पाशी अडखळते. काही एल२७ डोमेनांची एकट्याने नीट घडीच बसत नाही. योग्य जोडीदार मिळाला की बसते. मग अशा दोन जोड्या मिळून चौघांचा गठ्ठा होतो. पॅल्स-१ या प्रथिनात दोन एल२७ शेजारीशेजारी आहेत. एक पॅटजे या प्रथिनाला धरतं, दुसरं लिन-७ ला.

पीडीझेडचा नेहमीचा खाक्या वेगळा: दुसऱ्या प्रथिनाचं शेपूट आपल्या खाचेत धरायचं. झेडओ-१ मधलं पहिलं पीडीझेड क्लॉडिन या घट्ट सांध्यातल्या प्रथिनाचं शेपूट असंच धरतं. दुसरं मात्र आपल्यासारख्याच पीडीझेडशी जोडी जमवतं, तीही आपले पट्टे (घडीतले साखळीचे ताणलेले भाग) समोरच्याला देऊन आणि त्याचे स्वतःकडे घेऊन. इथे ‘जोडणी’ पुरत नाही. ‘पट्ट्यांची अदलाबदल’ असं स्पष्ट लिहावं. जोडीला (डायमर) ‘द्विवारिक’ हा शब्द आहेच, बहुवारिकाच्या (पॉलिमर) घरातला. एल२७ च्या चौघांना त्याच चालीवर ‘चतुर्वारिक’ म्हणता येईल.