आपल्या माळावरचा उजेड

अरे, तुझा मेसेज परवा रात्रीच वाचला पण लगेच उत्तर दिलं नाही, कारण त्यातलं एक वाक्य मला लागलं. "ताई, आमच्या सोलापूरकडे फोटो काढण्यासारखं आहेच काय, नुसता माळ आणि ऊन, कोकणात जन्मलो असतो तर बरं झालं असतं." आणि खाली विचारलंयस की कॅमेरा हप्त्यावर घेऊ का.

कॅमेऱ्याचं आधी सांगते, आत्ता घेऊ नको. वर्षभर मोबाईलवरच काढ, रोज शर्टाच्या टोकाने लेन्स पूस (बरेच धूसर फोटो बोटाच्या तेलामुळे असतात, खरंच), झूम करू नको, पायाने जवळ जा. वर्षाने तुझं तुलाच कळेल तुला पक्ष्यांची लांबची लेन्स पाहिजे का किड्यांची जवळची, आणि तेव्हा घेतलेला कॅमेरा कपाटात पडून राहणार नाही.

आता माळाचं. मी पण तिथलीच, आणि कित्येक वर्षं मलाही असंच वाटायचं, पाऊस सुरू झाला की बॅग भरून घाटाकडे पळायचं, सप्टेंबरात कासला फुलं बघायला जायचं आणि घरी आल्यावर कॅमेरा ठेवून द्यायचा. हिरवं असेल तरच सुंदर हे आपल्या डोक्यात आधी कॅलेंडरांनी बसवलं आणि आता रील्स बसवतायत. पण एक विचार कर, कोकणात सूर्य सह्याद्रीच्या मागून वर येतो, तोपर्यंत उजेड बराच चढलेला असतो. आपल्याकडे अडवायला काहीच नाही. सकाळचा पहिला उजेड थेट जमिनीवर आडवा पडतो, नांगरलेल्या रानातल्या ढेकळाची सुद्धा हातभर सावली पडते. हा उजेड फोटोवाल्याला फुकट मिळतोय आणि तू त्या वेळी झोपलेला असतोस, म्हणून तुला माळ रिकामा दिसतो.

आत्ता संक्रांत झालीय, शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, हुरड्यात आलाय, म्हणजे भोरड्यांचे थवे रानावर असणार. भोरडी तू बघितलीच असशील, अंग गुलाबी, डोकं आणि पंख काळे, मैनेएवढी. मध्य आशिया आणि पूर्व युरोपकडून येतात त्या, पावसाळा सरता सरता यायला लागतात आणि एप्रिलपर्यंत परत जातात. संध्याकाळी बाभळीवर झोपायला उतरायच्या आधी हजारोंनी एकदम वर उठतात, धूर वळावा तसा तो थवा वळतो, आणि वळताना पंखांचा आवाज येतो, पाऊस लांबून येताना येतो ना तसा. हे बघायला माणसं कुठून कुठून गाड्या करून येतात आणि तुझ्या घरापासून ते सायकलच्या अंतरावर आहे! फोटो काढताना पक्षी काळे दिसले तरी घाबरू नको, मोबाईलच्या स्क्रीनवर आभाळावर बोट टेकव आणि उजेड खाली ओढ, केशरी आभाळावर काळे ठिपकेच छान दिसतात. फक्त फ्रेममध्ये खाली काहीतरी घे, बाभळीचा शेंडा, विजेची तार, माच्यावर गोफण घेऊन उभा असलेला माणूस, नाहीतर थवा केवढा होता ते कळतच नाही. आणि त्या माणसाला आधी विचार. त्याच्यासाठी त्या भोरड्या म्हणजे नुकसान आहे, तो दिवसभर ओरडून घसा बसवून घेतो, त्याच्याशी पाच मिनिटं बोललास तर तो तुला थवा कुठल्या बाजूने येतो ते पण सांगेल. त्याच भोरड्या टोळ आणि नाकतोडेही खातात, हेही आपल्या जुन्या शेतकऱ्यांना माहीत असतं.

त्याच रानात सकाळी सूर्य उगवता उगवता परत जा. शाळूच्या ताटावर एक पांढरी भुकटी असते, बोटाने पुसली की खालचा हिरवा रंग दिसतो, माहितेय ना. त्या भुकटीमुळे दव पसरत नाही, सुटासुटा थेंब होऊन उभं राहतं. उकिडवा बस, सूर्य ताटाच्या मागे घे, आणि मोबाईल अगदी चिकटवू नको, वीतभर मागे राहून काढ आणि नंतर कापून घे, कारण फार जवळ गेलं की फोकस सुटतो. एका थेंबात अख्खं रान उलटं दिसतं. मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा चाळिशी ओलांडली होती आणि लहानपणापासून त्याच रानात हुरडा खाल्ला होता.

चैत्रात कडुलिंब फुलतो. आपण पाडव्याला डहाळी तोडतो आणि पुढे विसरतो, पण त्या आठवड्यात झाडाखाली सकाळी तांदूळ सांडल्यासारखा सडा असतो. आमच्या दारात एक मोठा लिंब होता. रस्ता रुंद झाला त्यात गेला, आणि माझ्याकडे त्याचे दोनच फोटो आहेत, दोन्हीत तो कुणाच्यातरी मागे हललेला आलाय. हजारो फोटो काढलेत रे मी, पण तो रोज दिसायचा म्हणून राहून गेला. तुझ्या विहिरीजवळची ती बाभूळ, तिचा फोटो महिन्यातून एकदा एकाच जागी उभं राहून काढ आणि तारीख लिहून ठेव, वहीत लिही, मोबाईल बदलला की सगळं जातं.

मे महिन्यात तू म्हणशील आता काय. मे मध्ये १० ते १२ तारखेच्या आसपास दुपारी साडेबाराच्या जरा आधी अंगणात सरळ उभा तांब्या ठेव. सूर्य आपल्या बरोब्बर डोक्यावर येतो त्या दिवसात, तांब्याची सावली त्याच्याच बुडाखाली जाते, नाहीशीच होते. तो एक फोटो घे आणि मग डिसेंबरात त्याच जागी त्याच वेळी घे, दोन्ही शेजारी ठेवून बघ.

मे मध्येच टिटवी उघड्या जमिनीवर खड्यांत अंडी घालते. म्हातारी माणसं म्हणतात टिटवीने उंचावर अंडी घातली तर पाऊस जास्त. इथे मी चूक केलीय म्हणून सांगते. एकदा भर दुपारी मला अंडी सापडली आणि मी दहा-बारा मिनिटं तिथेच फोटो काढत बसले, टिटवी लांब ओरडत होती आणि मला वाटलं टिटवीच ती, ओरडणारच. नंतर कळलं की त्या उन्हात ती अंड्यांवर उबवायला बसत नाही, सावली धरायला उभी राहते, पोट पाण्यात भिजवून येते आणि अंडी गार ठेवते. मी तेवढा वेळ तिला बाजूला ठेवलं होतं. फोटो चांगला आलाय, मी तो कधीच कुणाला दाखवला नाही. तू घरट्याजवळ थांबू नको आणि जागा पण कुठे टाकू नको. नान्नजला तर अजूनच जपून, १९७९ साली तिथे माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झालं आणि तो माळढोक आता जवळपास दिसतच नाही, पण तिथलं गवत, चंडोल, काळवीट आहेत, रस्ता सोडून आत घुसायचं नाही.

पावसाचं थोडक्यात, आपल्याकडे खरा पाऊस सप्टेंबरातच. जूनमध्ये मृगाचा शिडकावा झाला की लाल मखमली किडे निघतात, ते जमिनीवर पालथं झोपून काढ, कपडे खराब होऊ देत. ढगाळ दिवशी आभाळ फ्रेमबाहेर ठेव, रंग छान येतात.

आणि मग ऑक्टोबर-नोव्हेंबर, माझा सगळ्यात आवडता. कुसळीचं गवत वाळतं, सॉक्समध्ये टोचतं, घरी येऊन तासभर कुसळं काढत बसावं लागतं. पण संध्याकाळी पाचच्या पुढे सूर्याकडे तोंड करून त्या गवतात बस. प्रत्येक कुसळाची कड पेटते आणि वारा आला की तो उजेड माळभर एका टोकापासून दुसऱ्या टोकाला सरकत जातो. हे कोकणातल्या माणसाला बघायचं असेल तर त्याला तुझ्याकडे यावं लागेल.

रविवारी भोरड्यांना जा. साडेपाचला पोचायला पाहिजेस, उशीर करू नको. मला सगळे फोटो पाठवू नको, एकच पाठव, आणि त्या माच्यावरच्या काकांना विचार थवा कधीपासून येतोय, ते पण लिही.