उन्हाळ्याच्या सुट्टीत युरोपातला कमी गर्दीचा, छोटा देश पाहायचाय. कुठे जावं?

माझं उत्तर स्लोव्हेनिया. लोकसंख्या जेमतेम २१ लाख, चलन युरो, आणि शेंगेन व्हिसा चालतो. आठवडाभर हाताशी असेल तर देश निवांत पाहून होतो.

सगळे ब्लेड तलावाकडे धावतात. बेटावरचं चर्च सुंदरच आहे, पण जुलै-ऑगस्टमध्ये तिथे जत्रा भरते. त्यापेक्षा मुक्काम बोहिन्यला करा. तलाव ब्लेडपेक्षा मोठा, भोवती ट्रिग्लाव राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, आणि पाण्यात बिनधास्त पोहता येतं. तिथून १९०६ साली सुरू झालेल्या जुन्या रेल्वेमार्गाने सोचा नदीच्या खोऱ्यात उतरा. वाटेत सोल्कानचा पूल लागतो, त्याची दगडी कमान ८५ मीटरची! या प्रवासासाठी खिडकीची जागा नक्की धरा.

श्कोत्स्यानच्या गुहा चुकवू नका. रेका नावाची नदी तिथे जमिनीखाली गडप होते आणि थेट इटलीत वर येते. आत गारठा असतो, भर उन्हाळ्यातही स्वेटर लागतो.

राजधानी ल्युब्लियानाला एक दिवस पुरे. शाकाहारी असाल तर श्त्रुक्ली मागा, चीज भरलेल्या उकडलेल्या गुंडाळ्या असतात.