एफडी मोडण्याआधी जुनी फाईल काढा

सांगलीच्या एका शिक्षिकाताईंचा प्रश्न आहे. वय ४१, उंची १५८ सेंमी, वजन ९५ किलो. सात वर्षं मधुमेह, इन्शुलिन घेऊनही एचबीए१सी, म्हणजे साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर, ८.९. झोपेत श्वास अडखळतो म्हणून रात्री मशीन लावावं लागतं. डॉक्टरांनी वजन कमी करण्यासाठी जठर लहान करणारी स्लीव्ह शस्त्रक्रिया सुचवली आहे, पॅकेज ३ लाख ८० हजार. मुलीच्या इंजिनीअरिंगसाठी ठेवलेली ४ लाखांची एफडी मोडावी का? आणि आईला गर्भाशयाचा कॅन्सर झाला होता. ऑपरेशनने तो धोका कमी होतो म्हणतात, मग कॅन्सर पॉलिसी बंद करून वर्षाचा ६ हजारांचा हप्ता वाचवावा का?

ताई, ऑपरेशन करायचं की नाही ते तुम्ही आणि डॉक्टर ठरवा. पैशाचं मात्र सांगतो: एफडी आत्ता मोडू नका आणि कॅन्सर पॉलिसीला हात लावू नका.

आधी विमा. २०१९ मधला आरोग्य विमा आहे आणि मधुमेह तेव्हाच लिहून दिला होता, असं तुम्ही कळवलंय. फार बरं केलंत, निम्मी लढाई तिथेच जिंकलात. लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेसाठी कंपन्यांची अट ठरलेली असते: बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन मोजणारा आकडा, ४० किंवा त्याहून जास्त, नाहीतर किमान ३५ आणि सोबत गंभीर त्रास, म्हणजे हृदयविकार, तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडखळणं) किंवा औषधांनीही आटोक्यात न येणारा मधुमेह. तुमचा बीएमआय ३८ येतो. म्हणजे नुसत्या वजनावर दावा बसत नाही, कागदांवर बसतो. डॉक्टरांचे निकष आपल्याकडे याहून खालचे आहेत, त्यामुळे 'डॉक्टर हो म्हणाले' एवढ्यावर कंपनी पैसे देत नाही.

म्हणून फाईल काढा. स्लीप स्टडीचा रिपोर्ट हवा. तुमच्यात ताशी ३४ वेळा श्वास अडखळल्याची नोंद आहे आणि ३० च्या पुढे ॲप्निया तीव्रच समजतात. एचबीए१सीचे जुने-नवे कागद हवेत. आणि ज्या चिठ्ठ्या आपण हमखास रद्दीत टाकतो त्या, म्हणजे आहारतज्ज्ञांकडच्या. साधे उपाय करून वजन उतरलं नाही हे त्यांवरूनच दिसतं. पॉलिसीत या ऑपरेशनला वेगळी मर्यादा आणि खोलीभाड्याची अट आहे का, तेही कंपनीकडून लेखी घ्या. भाड्याच्या मर्यादेवरची खोली घेतली की बहुतेकदा बाकीच्या बिलालाही त्याच प्रमाणात कात्री लागते.

कॅशलेस नाकारून 'आधी भरा, मग मागा' म्हणाले, तर एफडीवर ओव्हरड्राफ्ट काढा, म्हणजे एफडी न मोडता ती तारण ठेवून बँकेकडून उचल घ्या. व्याज एफडीच्या दरापेक्षा टक्का-दोन टक्के जास्त पडेल, पण दाव्याचे पैसे आले की खातं मिटेल आणि एफडी शाबूत राहील. पर्सनल लोन नको.

आता ऑपरेशननंतर लागणारा, पॅकेजमध्ये नसलेला खर्च. बी१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि प्रोटीन पावडर यांचा तुम्ही मेडिकलमध्ये विचारलेला महिन्याचा आकडा अडीच हजार आहे. वर्षाला ३० हजार, दहा वर्षांत ३ लाख. जवळजवळ दुसरं पॅकेजच. पावडर पुढे कमी होईल, पण गोळ्या आणि वर्षातून एकदा रक्ततपासणी जन्मभर. यासाठी दरमहा ३ हजारांचं वेगळं आवर्ती खातं आजच उघडा. हे पैसे बसत नसतील तर ऑपरेशनची तारीख पुढे ढकला. फॉलो-अपवर काटकसर करणारे मी पाहिलेत, आणि लोह, बी१२ कमी पडून दवाखान्याच्या चकरा मारतानाही पाहिलेत.

'मधुमेहाची औषधं सुटतील, त्यातून भागवू' हा हिशेब कच्चा आहे. १९८७ साली स्वीडनमध्ये सुरू झालेल्या मोठ्या अभ्यासात ऑपरेशननंतर दोन वर्षांनी ७२ टक्के मधुमेहींचा मधुमेह गेलेला होता, दहा वर्षांनी ३६ टक्क्यांचाच. तेव्हाची ऑपरेशनं वेगळी होती, स्लीव्ह नव्हती, हे खरं. तरी औषधाचे वाचलेले पैसे बोनस धरा, पगार नाही.

कॅन्सरचं तुम्ही ऐकलंत ते खोटं नाही. २०२२ च्या एका अमेरिकी अभ्यासात लठ्ठपणाशी जोडलेले कॅन्सर दहा वर्षांत ऑपरेशन केलेल्यांपैकी २.९ टक्के लोकांना झाले, न केलेल्यांपैकी ४.९ टक्के लोकांना. धोका कमी होतो, शून्य होत नाही. शिवाय आईला झालेला आजार तुमच्या बाबतीत विसरून चालत नाही. आज बंद केलेली पॉलिसी उद्या मधुमेह आणि ऑपरेशनच्या नोंदीसह पुन्हा मागायला गेलात तर मिळेलच असं नाही, मिळाली तरी महाग. ६ हजार भरत राहा.

टर्म इन्शुरन्स, म्हणजे निव्वळ जीवन विमा, काढला नसेल तर अर्ज ऑपरेशनच्या आधी करा, सगळं खरं लिहून. नंतर लगेच मागितलात तर बऱ्याच कंपन्या काही महिने थांबायला सांगतात.